माळावरची शिकारीची भिंत

कातळवाडी, ता. अकोले
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दिशा,
तुझ्या आप्पाचे आशीर्वाद. तू पाठवलेला फोटो मास्तरांच्या मोबाईलवर पाहिला. इतक्या लांबच्या बेटावर, समुद्राच्या काठी, आपल्या माळावर आहेत तशाच दोन दगडी भिंती, निमुळत्या होत खड्ड्यापाशी आलेल्या. आपल्याकडं सांबरं हाकायचे, तसे तिथलेही जुने लोक हाकत असतील. आई म्हणाली, तिथं वारा लई दिसतोय, पोरीनं कान बांधलेत का?

इकडं भात कापून झालं. माझा गुडघा तसाच आहे.

तुझ्या वहिनीचं, दिपालीचं विचारलंस तेव्हा मी फोनवर ‘ठीक’ म्हणालो, कारण हर्षल शेजारी उभा होता. ठीक नाही, बाळा.

तुझ्या अहवालानं भिंतीला सरकारी संरक्षण मिळालं तेव्हा गावानं तुझा सत्कार केला. मग गावाकडं येणारा नवा रस्ता भिंतीच्या पलीकडंच थांबला. दुसरीकडून आखतो म्हणाले, ते अजून आखतायत. दिपालीला कळा सुटल्या तेव्हा जीप तिथवरच आली. आम्ही तिला झोळीतून चिखलातनं उतरवत होतो. बाळ वाटेतच झालं. मुलगी होती. रडलीच नाही.

नंतर एके दिवशी हर्षल पहार घेऊन माळावर गेला. मी पोहोचेपर्यंत कुंपणाच्या आत शिरून त्यानं वरचे दगड पाडले होते. मी आडवा गेलो. तो म्हणाला, “तुमची लेक भिंत वाचवून गेली, आप्पा. माझी न्हाई वाचली.”

मी नुसती पहार धरून ठेवली. शेवटी तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मग आम्ही दोघांनी दगड परत रचले. पण ते पहिल्यासारखे बसलेले नाहीत.

पुढच्या महिन्यात तू पाहणीला येशील. तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही, म्हणून आधीच लिहितोय. खोटं लिही असं मी तुला सांगणार नाही. रस्ता तू अडवलास असंही मी म्हणत नाही; घरात मात्र ते कुणाला समजावता येत नाही.

एवढंच कर. आधी घरी ये, मग माळावर जा. दिपाली कुणाशी बोलत नाही, पण काल तिनं विचारलं, “वन्सं कधी येनार?”

आईचे आशीर्वाद. दिपालीचा नमस्कार. हर्षलचं काही लिहीत नाही.

तुझे,
आप्पा