शुक्रवारचा गम्बो

गॅलियानो, लुइझियाना

प्रिय पापा,

तुम्ही समुद्रातल्या तेलविहिरीवर आहात तेच बरं. काल माझं रेस्टॉरंट उघडलं आणि गम्बोच्या, आपल्या त्या दाट रश्शाच्या, दोन्ही पातेल्यांत मी सॉसेज घातलं होतं. ईस्टरआधीच्या उपवासाचा, लेंटचा शुक्रवार, कुणी मांस खाणार नाही, फक्त मासळी चालते, हे साफ विसरले. दारात तीस उपाशी माणसं उभी होती.

अल्सीदकाका म्हणाले, "पोरी, कॉलेजात कॅलेंडर बघायला शिकवत नाहीत का गं?"

मला रडूच आलं. ते मात्र आपल्या बोटीवर गेले आणि पहाटे पकडलेली कोळंबी घेऊन आले. मग सगळी रांग पायऱ्यांवर बसून ती सोलू लागली. दोन वाजता नवा गम्बो झाला. तोवर एकही माणूस घरी गेला नाही.

रेस्टॉरंट माझं, पण काल ते त्या सगळ्यांनी उघडलं. हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही महिनाभर हसाल.

तुमची पदवीधर,
सेलेस्टिन