भरलेली वाटी

६ जानेवारी २०२५, सोमवार
चिंचवडगावात खोली मिळाली. तीन दगडी पायऱ्या चढून निळं दार, रस्त्याकडे गजांची खिडकी. चाकणची कंपनीची बस चौकातच थांबते. कोपऱ्यातल्या चौकोनी फरशीखाली जुनं पेव आहे, धान्य साठवायचं. समोर राहणाऱ्या घरमालकीण इंदुताई म्हणाल्या, निवडणूक आली की डांबर चढतं अन् घरं खाली जात्यात. माजी सासू नवरी होऊन आली ती आळी आता आपल्या पायाखाली हाय. मी हसले.

दीक्षाची नर्सिंगची परीक्षा शनिवारी संपते. रविवारी नांदेडहून येईल, मग माझ्याकडेच राहील. फोनवर विचारत होती, आई, एकटीला भीती नाही वाटत? म्हटलं, शिफ्टला पाचशे पार्ट तपासते, भूत आलं तर तेही रिजेक्ट करीन. खिडकीजवळची जागा तिच्यासाठी ठेवली आहे.

७ जानेवारी, मंगळवार
कामावरून आले तर पेवाच्या फरशीवर पितळी वाटी, वांग्याची गरम भाजी. दाराला कुलूप होतं, पण दुसरी किल्ली इंदुताईंकडे आहे. भाजी छान होती. वाटी घासून साखरेने भरली. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हे मला आईने शिकवलं, मी दीक्षाला. इंदुताई घरी नव्हत्या, म्हणून होती तिथेच ठेवली.

८ जानेवारी, बुधवार
सकाळी वाटी नव्हती. उतरताना पायऱ्या दोनच लागल्या. दिवसभर मोजमापं घेणारी बाई मी, मोजण्यात चुकत नाही.

इंदुताई म्हणतात, वाटी माजी न्हाई. गुडघ्यानं पायरी चढवंना, तुज्याकडं कशी येऊ बाई?

संध्याकाळी वाटी पुन्हा आली. दुधीची खीर. फरशीखाली कुणीतरी अंगण झाडत होतं. बायका बोलत होत्या. एक म्हणाली, वरची नवी बाई वळणाची आहे, वाटी भरून देते. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, या गावात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझ्याबद्दल बोललं होतं.

वाटीत गूळ ठेवला.

९ जानेवारी, गुरुवार
उंबरा रस्त्याच्या पातळीला. इंदुताईंना पायऱ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, कोनत्या पायऱ्या गं?

वाटीत पोहे. खाल्ले नाहीत. तरी धुतली, तांदूळ भरले. हात थांबत नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार
दार आत ओढलं. समोर डांबर. थरावर थर.
खिडकीची वरची चार बोटं तेवढी उघडी. फोनला रेंज नाही. ओरडले. डोक्यावरून कंपनीची बस गेली.
फरशी थोडी सरकली आहे. खाली उजेड, आणि दारं, ओळीनं. सगळ्यांपुढे रांगोळी. एक दार निळं — तिथे अजून रांगोळी नाही.

११ जानेवारी, शनिवार
कळलं. भरलेली वाटी गेली की घर खचतं. आज वाटीत दोघींपुरतं होतं. दोघींपुरतं —
ओतून दिलं. वाटी न भरता गजांतून वर रस्त्यावर फेकली. रिकामी.
दिवसभर खोली हलली नाही.
दीक्षाने येऊ नये. बस चुकू दे तिची.

१२ जानेवारी, रविवार
आली. खिडकीच्या फटीतून, डोक्याच्या वर, तिच्या चपला दिसतात. पत्ता विचारते आहे. इंदुताई दारात. म्हणतात, इथं घर कुटं हाय पोरी, निस्ता रस्ता. पाणी पी अन् माघारी जा.

हाक मारली तर ती शोधत खाली येईल. तोंडात पदर कोंबला आहे. जा बाळा.

वळली. निघाली —

थांबली. वाकली. वाटी उचलली. इंदुताईंना विचारते, आजी, ही तुमचीच ना, रस्त्यात पडली होती. पिशवी उघडते आहे. तिळाचे लाडू, माझ्यासाठी आणलेले —

नको. दीक्षा, रिकामीच दे. मीच शिकवलं तिला, मीच —

वाटीत लाडू ठेवला. तिच्या पायाखालचं डांबर खचतं आहे. तिच्या चपला आता माझ्या डोळ्यांच्या पातळी