वाडीचा पावणा

कोल्हापूर,
१९५३

प्रिय पद्मजा,

काल तुझ्या दारात आलो, तर तुझ्या आईनं दार लावून घेतलं. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या लेकाचे, बंडूचे दिवस अजून झाले नाहीत, आणि ज्या ट्रकपाशी त्याचा जीव गेला तो चालवणारा मीच.

तू म्हणायचीस, प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडलंस, ट्रक हाकायला लागलास, तुझा हा राग एक दिवस कुणाचा तरी घात करील. पण त्या पौर्णिमेला मी खुशीत होतो गं. शिरोलीपाशी बंडू एकटाच उभा दिसला, नृसिंहवाडीला निघालेला. त्यानं भाड्याचे पैसे पुढं केले, मी हात झटकला. पौर्णिमेला वाडीच्या पावण्याकडनं आम्हा ट्रकवाल्यांत कुणी पैसं घेत न्हाय, हे त्याला ठाऊक की. आत बस म्हटलं, तर गुळाच्या ढेपांवर चढला. वर वारं लागतं म्हणाला. तिथनं ओरडून मला चिडवत होता, दत्ताला तुमच्या दोघांचं सांगतो, आईचं मी बघतो. हातकणंगल्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला. म्हैस निघून गेली. वरचं हसणं थांबलं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोक जमले तेव्हा बंडूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि सगळ्यांनी एकच धरलं, की मी त्याला ठोकरलं. मी त्याचं डोकं तसंच धरून बसलो.

परवा विम्याचे एजंट गणपतराव भेटले. वर बसलेला कुणी पडला तर काय, असं मी त्यांना आडून विचारलं. ते म्हणाले, “रस्त्यावरचा माणूस विम्यात बसतो रे. ढेपांवर फुकट बसलेला पावणा न्हाय.” म्हणजे खरं सांगितलं तर मी सुटेन, आणि तुमच्या घरात काही यायचं नाही. मी पैसे न घेता त्याला बसवलं, आणि कायद्यानं तो कुणाचाच राहिला नाही.

बंडूच्या पगारावर तुमची चूल आणि धाकट्या नंदिनीची शाळा चालायची. भरपाई मिळेल, ती घे. तू कॉलेज सोडू नकोस, आपल्या दोघांत एकानं सोडलं तेवढं पुरे.

उद्या पोलिसांत माझा जबाब आहे. बंडू रस्त्यावर होता, मीच त्याला उडवलं, असं सांगणार आहे. आई मला खुनी म्हणतील, तर तूही हो म्हण. त्यानंतर आपलं काही व्हायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण एका माणसाला तरी ठाऊक असू दे, की तुझा भाऊ माझ्या चाकाखाली गेला नाही. वाचलंस की हे चुलीत घाल.

तुझाच, उद्यापासून हे लिहिता यायचं नाही म्हणून आज,
नृसिंह