स्पृहाच्या विमानाचे टायर

शनिवार, ९ मार्च

स्पृहा आली ती थेट स्वयंपाकघरात. बूट चिखलाचे! पोहे उभ्याउभ्याच खाल्ले आणि फोन माझ्या नाकासमोर धरला — "मामा, सव्वीस इंची की एकतीस इंची?"

इथे जर्मनीत पोरं आईला मामा म्हणतात. पुण्याहून माझी आई अजून हसते — "पोरीनं तुझा चांगलाच मामा केला गं!"

तर विमानाचे टायर. लेकीनं एक जुनं दोन सीटचं विमान घेतलंय, दोन हिवाळे खपून दुरुस्त केलंय. जूनमध्ये एकटी स्वीडनच्या उत्तरेला जाणार. तिथे धावपट्टी वगैरे काही नाही, नदीकाठच्या गोट्यांवर उतरायचं. म्हणून हे अवाढव्य, फुगीर टायर.

मी नोकरीत टायर तपासते, पण गाड्यांचे. विमानाच्या टायरला कधी हातही लावलेला नाही. तरी मलाच विचारायला आली! दिवसभर उगाच गुणगुणत होते.

रविवार, १० मार्च

हृषिकेश म्हणाला, "छोटे सांग ना. म्हणजे गोट्यांवर उतरायचं खूळच जाईल डोक्यातून." नवरा बोलून गेला आणि पेपर वाचायला लागला. मी मात्र तिथेच अडकले.

शनिवार, १६ मार्च

तिच्याबरोबर फ्लुगप्लाट्झवर, छोट्या विमानांच्या मैदानावर गेले. विमानाला सध्या सव्वीस इंचीच आहेत. क्लबच्या युर्गेननं एकतीस इंची जोडी दाखवायला काढून ठेवली होती. विमानांची तपासणी करून सही देतो तो.

अंगठ्यानं दाबून पाहिला — मळलेली कणीक! हवा अगदी नावाला. आमचा गाडीचा टायर ताठ उभा राहतो, हा दगड आला की त्याला पोटात घेतो. गंमत वाटली. पण जड आहे. विमान सावकाश चढणार, सावकाश जाणार, पेट्रोल जास्त पिणार. आणि ब्रेक तोच, चाक मोठं — म्हणजे थांबायलाही उशीर.

युर्गेन म्हणाला, "आल्झो, तसं सव्वीसही चालतील. गवतावर."

मी तेवढंच पकडलं. परत येताना गाडीत सांगून टाकलं, "सव्वीसच राहू देत." वजन, वेग, ब्रेक — सगळी कारणं दिली. एकही खोटं नव्हतं!

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "आणि दगड?"

"लहान दगडांना चालतील."

"मी दगड निवडून उतरणार का, मामा?"

मी रेडिओ लावला.

मंगळवार, ९ एप्रिल — पाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. शेजारच्या आजींनी खालूनच हात केला. स्पृहा आली, श्रीखंड दोनदा घेतलं, बाबाशी फुटबॉलवर वाद घातला. टायरबद्दल चकार शब्द नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

निघताना बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, जर्मनमध्ये म्हणाली — "ते उत्तर तू आई म्हणून दिलंस ना? मी ऑफिसात टायर तपासणाऱ्या मीनलला विचारलं होतं." मग घट्ट मिठी मारली आणि गेली.

बुधवार, १० एप्रिल

खरं आहे तिचं.

शनिवार, २० एप्रिल

मीच फोन केला — "चल, नीट तपासून बघू."

नदीवरून बादल्या भरभरून गोटे आणले, मैदानाच्या कडेला पसरले. आधी सव्वीसवर विमान ढकललं. स्पृहा, युर्गेन, मी, आणि कुरकुरत का होईना, हृषिकेश. ठक्! दगड थेट रिमला. हा तर ढकलण्याचा वेग! उतरतानाच्या वेगात रिम वाकली असती, विमान नाकावर गेलं असतं.

मग चाकं बदलली. एकतीस. त्याच गोट्यांवरून गेलो — आवाजसुद्धा नाही. रांगून बघितलं, टायर दगडाभोवती मऊ दुमडला होता.

ती जाणारच आहे. मी छोटे सांगितले तरी जाईल. कशावर उतरेल, एवढंच माझ्या हातात.

"एकतीस," मी म्हटलं. "पण ब्रेक मोठे बसवायचे. सामान कमी. आणि रोज हवा तपासायची, अंदाजपंचे नाही!"

"या, शेफिन!" म्हणाली — हो, साहेबीण! — आणि मला उचलून गरागरा फिरवलं. या वयात! युर्गेन हसत होता. हृषिकेश मुकाट्यानं गोटे बादलीत भरायला लागला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "तो आवाज ऐकला मी. बरं केलंस."

शनिवार, १ जून

गेली. हृषिकेशनं केलेल्या चिवड्यातला निम्मा परत दिला — वजन! त्या टायरांवर विमान म्हणजे बापाचे बूट घातलेलं पोर. "काय ध्यान दिसतंय," हृषिकेश म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. ठिपका दिसेनासा झाला तरी आम्ही तिथेच.

गुरुवार, ६ जून

फोटो आला! नदी, गोटे, विमान, बाजूला ही. मी आधी टायरच मोठा करून पाहिला. शाबूत. मग तिचं तोंड पाहिलं. उन्हानं रापलंय. इतकी खूश तिला कधी पाहिलीय?

शनिवार, १४ सप्टेंबर

स्पृहाचा फोन. परत येत नाहीये. डोंगरातल्या झोपड्यांना सामान पोचवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं कायमची ठेवून घेतलीय. बर्फ पडला की चाकं काढून स्की लावतात म्हणे. "टायर तुझ्याकडे पाठवते, मामा. कुठे चिरलेत का बघ, आणि वसंतापर्यंत सांभाळ."

पाठव म्हटलं. आवाज नीट ठेवला. मग खाली केलरमध्ये, तळघरात जाऊन टायरांसाठी जागा करून आले.