एक वजा

मंगळवार, १४ ऑक्टोबर
डोंगरावरची खोली

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असालच. वहिनीचा गुडघा बरा नसेल, तर तिला जरा उन्हात बसायला सांग. मी मजेत. यंदा ससाणे लवकर आले. काल दुपारी हवा तापली आणि गरुड घिरट्या घालत असे वर चढले, की मान अवघडेपर्यंत बघत राहिले.

रविवारी गाडी पाठवतोयस. माझ्यासाठी खोली रंगवलीस, पडदेसुद्धा लावलेस म्हणे. पडदे कशाला रे?

आमच्या मोजणीचा नियम तुला ठाऊकच आहे. रेडिओचा मनोरा आणि पाण्याची टाकी यांच्यामधली रेषा ओलांडून पक्षी दक्षिणेला गेला, की एक धरायचा. तोच मागे फिरला, तर एक वजा. इतकी वर्षं मी हेच करतेय, आणि "त्यात मिळतं काय?" हे तूही तितकीच वर्षं विचारतोयस. चिकाटी आपल्या रक्तातच आहे.

मी अचानक फोन करून "मला घेऊन जा" का म्हणाले, हे मात्र तू विचारलं नाहीस. सांगणार नव्हते, पण आता सांगते.

त्या दिवशी मी लांबचे पक्षी धडाधड मोजत सुटले होते. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त दंतवैद्य बसतात, सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात. बराच वेळ माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मान वळवाल तिकडेच तुमचे पक्षी कसे उडतात हो?"

माझ्याच डोळ्यातले ठिपके मी आभाळात मोजत होते! हसू नकोस. खोलीवर येऊन रडले आणि तुला फोन लावला. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही, डावा सांभाळा.

दुसऱ्या दिवशी तोंड लपवून घरी बसणार होते, पण पाय ऐकेनात. गेले, आणि सगळ्यांसमोर तो आकडा खोडला. कवळीवाल्यांची नजर तेज, पण घार कुठली आणि गरुड कुठला, हे त्यांना सात जन्मांत कळायचं नाही. आता ते ओरडतात, "ठिपका!" तो डोक्यावर आला, की पंखांच्या चालीवरून मी सांगते कोण ते. दोघं मिळून एक धड माणूस होतो. भांडतोही झकास.

तुझी माया कळते रे. आई गेल्यावर तूच मला मोठं केलंस. पण तुझ्या त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीकडे बघायला मला डावा डोळाही नको. एकट्या बहिणीला डोंगरावर टाकलं म्हणून लोक नावं ठेवतील, तर ठेवू देत. त्यांना माझा नंबर दे, मी बघून घेते.

गाडी काढायचीच असेल, तर तूच बसून ये. तिसरी खुर्ची मांडून ठेवते.

आणि घरच्या माणसांत मला आधीच धरलं असशील, तर नियमाप्रमाणे एक वजा कर.

रेषेवरून मागे फिरलेली,
तुझीच धाकटी