तीन बाजूंचा बोर्ड

अण्णा, तुम्हाला लिहायचं मी अकरा वर्षं टाळत आले. कारणं विचाराल तर एकही धड नाही. एकदा पेन बिघडलं. एकदा टिटवाळ्याला मावशीकडे गेलेले, तिथे पापड लाटण्यात महिना गेला. एकदा तर सुरुवातीलाच अडले, कारण ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळेना आणि दुसरं काही सुचेना. पण खरं कारण एवढंच, की तुमच्याशी भांडायला माझ्याकडे पुरावा नव्हता. आता आहे.

कोपरीतला आपला गाळा आठवा. मे महिना, शाळेला सुट्टी, मी चौदा वर्षांची. नवा कॅरमबोर्ड तयार झाला की तुम्ही त्यावर बोरिक पावडर भुरभुरवायचात, स्ट्रायकर कडेला ठेवून एकच सणसणीत टोला मारायचात आणि तो समोरच्या फ्रेमवर आपटत साडेतीन फेऱ्या मारतो का ते बघायचात. तीनच भरल्या तर बोर्ड परत आत. गिऱ्हाईक ‘चालतंय हो मिस्त्री, द्या तसाच’ म्हणालं तरी तुम्ही देत नव्हतात. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमच्याबद्दल चांगलं काही बोलणार नाहीये.

त्या दिवशी मी प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून तीन बाजूंचा बोर्ड केला. खिळे तुमचेच, फ्रेमच्या छाटलेल्या पट्ट्याही तुमच्याच. भोकं नाहीत, जाळ्या नाहीत. मला फक्त बघायचं होतं, की स्ट्रायकर तिन्ही बाजूंना लागून निघाला तिथेच परत येतो का. दुपारभर मारत बसले. बोटाचं नख काळं पडलं. आणि मी किंचाळले, “अण्णा, आला! निघाला तिथेच आला!” बोर्ड न्यायला क्लबचे ते जाडे गृहस्थ बसलेले. तुम्ही रंधा खाली ठेवून आलात. “मार परत,” म्हणालात. मी मारला, तो गेला भलतीकडेच. “अजून एकदा.” पुन्हा भलतीकडे. क्लबवाले पोट हलवत हसले, “मिस्त्री, तुमच्या पोरीने एक कोपरा खाल्ला की हो!” तुम्ही हसला नाहीत. “जे दुसऱ्यांदा दाखवता येत नाही ते खोटं,” म्हणालात. “तीन बाजूंत स्ट्रायकर परत येत नसतो. आणि खोटं बोलायची सवय लागली ना, की हातही खोटे पडतात.” मग माझ्यादेखत करवत घेऊन त्या बोर्डाच्या पाचरी केल्यात. फुकट नाही गेल्या म्हणा. क्लबच्या डुगडुगणाऱ्या खुर्च्यांत बसवल्यात तुम्ही.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत संपलं. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होते, हा रडीचा डाव झाला अण्णा, भांडण अर्धं टाकून उठायचं नसतं. कुणाला सांगणार हे?

तुमच्यामागे माझं काही धड झालं नाही. बारावी अर्ध्यात सोडली. शिवणाच्या क्लासला गेले, तिथे काजं करायचा कंटाळा आला. कल्याणला एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुतल्या, ते काम आवडलेलं, पण मालकाने दुकानच बंद केलं. मध्ये चार महिने नुसतीच फिरले, गणेशघाटावर जाऊन खाडी बघत बसायचे, होड्या मोजायचे. त्यावर वर्षापूर्वी आईचं आणि माझं वाजलं. नोकरीला जाते म्हणून सांगायचे आणि जायचे नाही, ते तिला कळलं. ती म्हणाली, “बापाशी खोटी, माझ्याशी खोटी. एकदा तरी कुठे खरी हो.” तुमचाच शब्द, तुमचाच सूर. मी पिशवी भरली आणि दिवा स्टेशनजवळ मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले. तेव्हापासून आईशी बोललेले नाही. दिव्यात पाणी सकाळी तासभर येतं, तेही आलं तर, पण कुणी खोटारडी म्हणत नाही.

आता डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासच्या काउंटरवर बसते. फॉर्म देते, बॅचच्या वेळा सांगते आणि चपलांवर लक्ष ठेवते. इथे चपला बाहेर काढाव्या लागतात, मशीनला धूळ चालत नाही म्हणून. लोक इतक्या भक्तीने काढतात की देवळातही काढत नसतील. दुपारी बॅच नसते. शिकवणारे सर माझ्याच वयाचे आहेत, टाय लावतात आणि तो चहात बुडतो. एका दुपारी त्यांनी फ्लॉपी आणली. “मॅडम, हे बघा. मित्राने कॉलेजात बनवलंय. त्रिकोणात चेंडू सोडायचा. बिलियर्ड.”

“म्हणजे कॅरम,” मी म्हटलं.

“कॅरम चौकोनी असतो.”

“हो. हे आमच्या वडिलांनीही सांगितलेलं.”

पडद्यावर एक त्रिकोण असतो, अण्णा. माउस म्हणून एक साबणाच्या वडीएवढी वस्तू असते, तिने कुठलाही कोपरा धरून ओढायचा, की त्रिकोण रुंद होतो, निमुळता होतो, मोडत काही नाही. मग एक ठिपका ठेवायचा, दिशा द्यायची आणि सोडायचा. त्याची रेघ बाजूंवर आपटत, जितक्या तिरक्याने आली तितक्याच तिरक्याने परतत जाते. पावडर लागत नाही, तो दमत नाही. हजार वेळा आपटवा. बहुतेक वेळा रेघांचं नुसतं जाळं होतं. पण मी ओढत बसले आणि चौथ्या दिवशी रेघ तीन ठिकाणी आपटून निघाली तिथे आली आणि पुन्हा त्याच वाटेने फिरायला लागली. मी बंद करून परत मारलं. आली. दुसऱ्यांदा, अण्णा! तिसऱ्यांदा! शेजारच्या मशीनवरून सरांना ओढून आणून दाखवलं, त्यांच्यासमोरही आली.

आणि जागा कशी शोधायची, ऐका. प्रत्येक कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर गुण्या लावून काटकोनात रेघ पाडायची. ती टेकते ते तीन बिंदू. एकातून दुसऱ्याकडे मारा, तो तिसऱ्याला लागून घरी येणारच. गुण्या तर कायम तुमच्या हाताशी असायचा. दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही गुण्या उचलायच्या ऐवजी करवत उचललीत.

पण हे झालं तिन्ही कोन लहान असतील तर. एक कोपरा काटकोनाच्या पलीकडे फाकवला, की गुण्याची रेघ बाजूच्या बाहेर पडते आणि हा रस्ता बंद. माझा तो बोर्ड कसा होता मला आठवत नाही, आणि पाचरींवरून आता मोजताही येणार नाही. मी सरांना विचारलं, अशा फाकलेल्या त्रिकोणात दुसरा एखादा रस्ता असतोच का? त्यांनी डोकं खाजवलं. “विशालकोनात? प्रत्येक त्रिकोणात असतोच का, ते अजून कुणाला माहीत नाही मॅडम. मोठमोठी माणसं डोकं लावून बसलीत.”

“कुणालाच नाही?”

“जगात कुणालाच.”

ऐकलंत अण्णा? जगात कुणालाच माहीत नाही. फक्त कोपरीत एक मिस्त्री होते, त्यांना रंधा खाली ठेवेपर्यंत माहीत झालेलं.

त्यानंतर मी फाकलेल्या त्रिकोणांच्याच मागे लागले. फॉर्म चुकीच्या माणसांना दिले, एका बाईंच्या चपला हरवल्या, बोलणी खाल्ली. एकदा वाटलं, सापडला, बावीस आपट्यांत निघाल्या जागी परततो. नाचायचीच राहिले. सरांनी तो तुकडा मोठा करून दाखवला, मध्ये केसाएवढी फट. “पडद्यावरचे ठिपके जाड असतात मॅडम. जवळ गेल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.” त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पण तेव्हापासून मीच आधी जवळ जाते. मोठं करून फट शोधते. मग कोपरा हळूच हलवते. वाट खरी पक्की असेल तर ती वाकते पण तुटत नाही. तुमच्या साडेतीन फेऱ्यांपेक्षा कडक परीक्षा आहे ही. काल एक त्रिकोण या परीक्षेला उतरला. विशालकोन आहे, चांगला फाकलेला. ठिपका एका बाजूवर काटकोनात सरळ आपटून आल्या वाटेने मागे फिरतो, दुसऱ्या टोकालाही तसाच सरळ आपटतो, आणि जातो-येतो, जातो-येतो. फट नाही. कोपरा हलवला, वाट तुटली नाही. सगळ्या त्रिकोणांचं मला माहीत नाही. या एकाचं माहीत आहे, आणि हव्या तितक्या वेळा दाखवते. तुमच्या क्लबवाल्यांनाही बोलवा.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. क्लासच्या रजिस्टरमागे लिहितेय, तिथेच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी कुणाला सांगितलेली नाही. त्या दुपारी स्ट्रायकर निघाला तिथवर आला नव्हता. वाट बरोबर धरलेली त्याने, पण चार बोटं अलीकडे थांबला. उरलेलं मी बोटाने ढकललं आणि मग ओरडले. तेवढी चार बोटं तुम्ही बरोबर होतात. तेवढीच. बाकीच्या बोर्डाचं मला उत्तर हवंय.

थांबा. दारात आई आहे. तीन मजले चढून आली, गुडघा धरून उभी आहे. हिला इथला पत्ता कुणी दिला? चपला काढून हातातच धरल्यात, कुठे ठेवू म्हणून विचारतेय. मशीनकडे संशयाने बघून म्हणाली, “काय करतेस इथे दिवसभर? खरं सांग.”

सांगते. आधी बोटाचं सांगते, मग त्रिकोण दाखवते.