पाटाखालचं डांबर

अब्बा, होडीतल्या बसायच्या मागच्या पाटाचा शेवटचा खिळा उपटला आणि खाली डांबर दिसलं. आतल्या अंगाला, तळाच्या फळीवर. पटाशी टेकवली तर बोटभर आत गेली. फळीचा भुगा झाला होता.

तुमच्याच हातची होडी. धरणाचं पाणी मागे हटलं की मासेमारी करणारे मामा ती दरवर्षी आपल्या अंगणात आणून ठेवतात. तुम्ही गेल्यापासून तिचं तेल-डांबर मी करते. पण हा पाट तुम्ही शेवटच्या उन्हाळ्यात बसवलात, मी तेव्हा सासरी होते, आणि त्यानंतर तो कुणी उचकटला नव्हता.

आठवतं, अब्बा? मी वीस वर्षांची आहे आणि एका होडीला आतूनही डांबर फासते आहे, लवकर होतं म्हणून. तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या हातातला ब्रश काढून घेता. "बाहेरून डांबर, आतून जवसाचं तेल. दोन्हीकडून कोंडलंस तर लाकडाचा घाम जाणार कुठून?" दोन दिवस मी ते सगळं खरवडते. रॉकेलने धुतलेल्या हातांनी भाकरी थापते, तिला वास येतो, आणि तुम्ही ती न बोलता खाता.

"अब्बा मिस्तरी असलं कधी करायचे न्हाईत," मामा त्या कुजक्या फळीवर वाकून बघत म्हणाले. "ह्ये तुझंच काम हाय, पोरी."

मी म्हटलं, "फळी बदलते, मामा. पंधरा दिवस उन्हात वाळू द्या, मग तेल लावते."

"पंधरा दिस काठावर बसून मासं मोजू व्हय? फायबरवाला वरनं फायबरचा थर मारून दोन दिसात देतोय."

"चार दिवसांपूर्वी पाण्यातून काढलीय. ओल्या लाकडावर फायबर मारलं तर सगळीच कुजेल."

"आता तू मला कुजायचं शिकव," असं म्हणून ते हसले आणि टेम्पो सांगायला गेले.

हे अब्बांनी केलंय, एवढं सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित माझं ऐकलं असतं. होडी वाचली असती.

त्या उन्हाळ्यात तुम्हाला चार पावलांवर दम लागत होता. तेलाचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर दोन दिवस थांबायचं. डांबर एका दुपारी उरकतं. आता माझेही गुडघे वाकत नाहीत, म्हणून कळतं. तुमचं नाव राखायला गप्प राहिले, असं लिहिणार होते. ते पुरतं खरं नाही. डांबर दिसलं तेव्हा, तुम्हीही तेच केलंत म्हणून, मला आधी बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली, आणि तोंड उघडलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही. पाठवायचं तर कुठे?

वरचं काल लिहिलं. आज सकाळी मामा टेम्पो घेऊन आले. चौघांनी होडी उचलली, ओली होती तशीच, आणि शेवगावला फायबरवाल्याकडे नेली.